कुंडीला कान लावून बसलेली

त्या गेममध्ये एक बाई बसलेली असते. जमीन राखाडी, वरचं आभाळही तसंच, आणि त्या जमिनीवर गोल गोल दगडी तोंडं एका ओळीत दूरच्या डोंगराकडे गेलेली. त्यांतल्या एका तोंडाच्या काठावर डोकं टेकवून, कान आत लावून ती बसलेली. खेळणारा जवळ गेला की ती एक बोट वर करते. गप्प राहा, एवढंच. पुढे काही होत नाही. खेळणारा जरा थांबतो आणि निघून जातो, कारण गेममध्ये त्याला पुष्कळ लांब जायचं असतं.

मी थांबले. म्हणजे खेळत मी नव्हतेच. तो गेम चालेल असा कॉम्प्युटर आमच्याकडे तेव्हा नव्हता, आजही नाही. कोणीतरी खेळताना केलेला व्हिडिओ मी मोबाईलवर बघत होते. तो थांबवला आणि त्या बाईकडे बघत राहिले. मला वाटलं, ही आमच्या बुऱ्हाणपूरची आहे.

आमच्याकडे गावाबाहेर, शेतांमधून, अशीच गोल तोंडं एका ओळीत गेली आहेत. त्यांना आम्ही कुंडी म्हणतो. जुन्या काळी सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहराकडे आणलं, आणि त्या बोगद्याला हवा मिळावी म्हणून थोड्या थोड्या अंतरावर वर तोंडं ठेवली. वरून बघितलं तर विहिरींची रांग वाटते. खाली सगळं एकच पाणी असतं, अंधारात चाललेलं. लहानपणी मला वाटायचं की सगळ्याच गावांच्या खालून असं काहीतरी चाललेलं असतं, आणि आम्हाला फक्त ते ऐकायची सोय आहे.

पप्पा मला तिकडे सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे. पप्पा लूमवर कापड विणायचं काम करतात. इतवारा मोहल्ल्यात आमच्या गल्लीच्या मागेच शेड आहे, आणि तिचा खटखटाट आमच्या भिंतींतून इतका येतो की तो आवाज आहे हे आम्ही विसरलो आहोत. शेडमध्ये एकमेकांशी बोलायचं तर ओठ बघून बोलतात. वर्षानुवर्षं तिथे उभं राहिल्यावर कान हळूहळू मागे राहतात. पप्पांना ऐकू येतं, पण मोठं आणि समोरून बोललेलं. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

कुंडीपाशी गेलो की ते मला काठावर टेकवून धरायचे आणि विचारायचे, “आवाज येऊन राहिला का?”

“हो.”

“कसा?”

एकदा मी वाकून नीट ऐकत असताना आतून फडफड करत काहीतरी वर आलं आणि आमच्या दोघांच्या डोक्यांवरून गेलं. पप्पा मला घेऊन मटकन खाली बसले आणि खूप हसले. मग परत विचारलं, कसा येतो आवाज. मी म्हणाले, “घरातल्यासारखा.” त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. मला मात्र ते उत्तर पुरलं नाही. अजून चांगलं काहीतरी सांगता आलं पाहिजे होतं, असं तेव्हाच वाटलं होतं, आणि मोठी होत गेले तसं ते वाटणं माझ्याबरोबर वाढत गेलं.

म्हणून ती बाई दिसल्यावर मी तिची गोष्ट लिहायला घेतली. याला फॅन फिक्शन म्हणतात हे मला नंतर कळलं. दुसऱ्याच्या जगात जाऊन आपली गोष्ट लिहायची. मला ते चोरीसारखं वाटलं नाही. मला वाटलं, कोणीतरी ओसरीवर एका बाईला बसवून आत निघून गेलं आहे, तर आपण तिला पाणी तरी विचारावं.

बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, त्यामुळे माझी शाळा हिंदी माध्यमाची. घरात मराठी, गल्लीत हिंदी, आणि लिहिताना दोन्हींची खिचडी. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, त्यामुळे मी काही लिहिते म्हटल्यावर आईला वाटायचं अभ्यास चालला आहे. आणि मी तिला तसं वाटू देत असे. मराठीत या गेमवर लिहिणारे मूठभरच लोक होते, आणि त्यांचा एक ग्रुप होता. तिथे खरी नावं वापरायची नाहीत असा नियम. म्हणून सगळे एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायचे. ग्रुप चालवायच्या त्या रावेरच्या ताई. घरी केळीची बाग, लहान मुलगी, आणि लिहायला दुपारची वेळ. एक मुलगा पुण्याचा, तो सगळ्यांचं शुद्धलेखन तपासायचा. एक जण नेपानगरचा, त्याला आम्ही नेपा म्हणायचो. त्याच्याकडे कॉम्प्युटर होता आणि लिहिण्याचा कंटाळा होता. मी बुऱ्हाणपूर. “पुणे जेवलं का?” “रावेरताई आज रागावल्यात.” असं चालायचं. गेमला आम्ही नुसतं ‘राखाडी’ म्हणायचो.

माझी पहिली गोष्ट टाकली तेव्हा दुपारभर काहीच आलं नाही. मी मोबाईल उशीखाली ठेवून धुणं वाळत घातलं. मग पुण्याचा निरोप आला.

“छान आहे. पण एक कळलं नाही. ती बाई फुलझाडाच्या कुंडीत कान का घालते आहे?”

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग रावेरताईंनी लिहिलं, “अरे पुणे, तिच्याकडे कुंडी म्हणजे पाण्याची विहीर असते, खालून जोडलेली. मी बघितली आहे.”

“मग मी इतका वेळ जास्वंद समजून वाचत होतो.”

“तरी छान वाटली ना?” ताई म्हणाल्या.

“हो, तेच तर. मला वाटलं काहीतरी खोल आहे.”

“खोल आहेच,” नेपाने लिहिलं. “सत्तर-अस्सी फुट.”

मी लाजेने दोन दिवस ग्रुपमध्ये गेले नाही. परत गेले तेव्हा सगळेच त्या गोल तोंडांना कुंडी म्हणायला लागले होते. अमरावतीच्या एका मुलीने तर आपल्या गोष्टीत पाण्याचा बोगदाही घेतला होता. हळूहळू आमच्या त्या छोट्याशा मराठी राखाडीखालून सगळीकडे पाणी वाहू लागलं. गेम बनवणाऱ्याने ते कुठेच दाखवलं नव्हतं. पण आमच्यात कोणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती. मी कुंड्या बघितल्या आहेत, त्या कशा दिसतात ते मला माहीत होतं.

पप्पांनाही तो गेम आवडायचा. त्यात कोणी बोलत नाही. पाणी भरायचं असो, जेवायला यायचं असो, बातम्या असोत, त्यांना कोणीतरी मोठ्याने सांगावं लागतं. या गेममध्ये कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी ते ओट्यावर बसून माझ्या मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, राखाडी जमिनीवरून चाललेला तो एकटा माणूस. मग मी माझी गोष्ट त्यांना वाचायला द्यायची, अक्षरं मोठी करून. ते ओठ हलवत, बोट फिरवत सावकाश वाचायचे. माझ्या गोष्टीत ती बाई रोज त्या काठावर येऊन बसते, कारण तिच्या गावातलं पाणी गेलं आहे आणि ते खाली कुठेतरी अजून चाललं आहे असं तिला वाटतं. गावातले तिला हसतात. ती ऐकत राहते.

प्रत्येक भाग संपला की पप्पांचा एकच प्रश्न. “मग, ऐकू आलं का तिला?”

“अजून नाही.”

“बरं. घाई नको करू.”

पण घाई मलाच होती, आणि भीतीही. शेवटच्या भागात तिला पाणी ऐकू येणार होतं. ते कसं ऐकू येतं हे मला लिहायचं होतं, असं की पप्पांनी वाचावं आणि त्यांना ते कळावं. तेवढ्यासाठीच मी ती गोष्ट लिहीत होते, हे मला तोपर्यंत कळून चुकलं होतं. रोज लिहायची आणि रोज खोडायची. झुळझुळ, खळखळ, असे शब्द सगळ्यांनी वापरून झालेले. ज्याला तो आवाज येत नाही, त्याला हे शब्द म्हणजे बंद दारावरच्या पाट्या.

त्यातच नव्या गेमची बातमी आली. राखाडीचा दुसरा भाग येणार होता.

बाहेरच्या माणसाला वाटेल की ग्रुपमध्ये आनंदीआनंद झाला असेल. झाला, पण एक दिवस. मग सगळ्यांच्या आवाजात काहीतरी बदललं. लग्नघरात मुहूर्त ठरल्यावर होतं तसं. अर्धे लोक धडाधड लिहायला लागले, कारण नवा गेम आल्यावर आपली गोष्ट खोटी ठरेल, त्याआधी संपवून टाकू. अर्धे गप्प झाले, कारण तीच भीती. नव्या गेमचा एक छोटासा व्हिडिओ आला, त्यात ती बाई जेमतेम डोळा लवेल इतका वेळ दिसली, काठावरून डोकं उचलताना. तेवढ्यावर आठवडाभर वाद. पुण्याने ते दृश्य थांबवून थांबवून बघितलं आणि सांगितलं की तिच्या पदराला काहीतरी लागलं आहे. ओलं आहे, मी म्हणाले. काळं आहे, तो म्हणाला.

रावेरताईंनी या सगळ्याला आपल्या बागेतला शब्द दिला होता. केळीच्या झाडाच्या बुडाशी पिलं फुटतात. ती बहुतेक कापून टाकतात, कारण ती मोठ्या झाडाचं खातात. एखादंच पुढच्या बहारासाठी ठेवतात. ताई म्हणायच्या, गेम म्हणजे मोठं झाड आणि आपल्या गोष्टी म्हणजे पिलं. “आता विळा येणार बाई,” त्यांनी लिहिलं. “कोणाचं पील राहतं बघू.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?” मी विचारलं. त्यांची गोष्ट माझ्यापेक्षा कितीतरी मोठी होती, त्या एकट्या चालणाऱ्या माणसाच्या हरवलेल्या भावाची.

“वाटते ना. पण मी काय त्याला फोन करून सांगू, की बाबा, त्याला भाऊ आहे म्हणून?”

मी लिहिणं थांबवलं. शेवटचा भाग तसाच ठेवला. मला वाटलं, बनवणाऱ्यालाच माहीत असेल तिला काय ऐकू येतं. त्याने सांगितलं की मी लिहीन. पप्पांनाही तसंच सांगितलं.

“नवा गेम येऊ द्या, पप्पा. मग कळेल.”

“तो सांगेल?”

“हो. त्याचीच आहे ना ती.”

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. “मग तू कोणाची लिहून राहिली होती?”

मी चहा ठेवायला उठले.

नवा गेम शुक्रवारी सकाळी आला. नेपाने सांगितलं होतं की तो खेळेल आणि त्याची स्क्रीन आम्हाला मोबाईलवर दाखवेल. ताईंनी नियम घातला: ज्याला स्वतः खेळायचं आहे त्याच्यासाठी कोणी पेपर फोडायचा नाही. पण आमच्यात स्वतः खेळू शकणारे जवळजवळ कोणी नव्हतेच. आई बुधवारा मोहल्ल्यात बाजाराला गेली होती. मी ओट्यावर भिंतीला टेकून बसले. लूम बंद होते, त्यामुळे गल्ली पोकळ झाल्यासारखी वाटत होती. पप्पा नळाखाली सायकल धूत होते.

नेपा चालत होता, म्हणजे त्याचा माणूस चालत होता. तेच राखाडी रान. मग वारा सुटला, गेममध्ये, आणि जमीन उडायला लागली. ती वाळू नव्हती, राख होती. राख उडून उडून जमीन खाली जात राहिली आणि एका गोल तोंडाच्या भोवती हळूहळू कौलं दिसू लागली. कौलं, मग भिंत, मग खिडकी. दुसऱ्या तोंडाच्या भोवतीही घर. तिसऱ्याच्याही. पूर्ण गाव खाली होतं, राखेत पुरलेलं, आणि ती सगळी तोंडं म्हणजे घरांची धुराडी होती. ती बाई आपल्याच घराच्या धुराड्याला कान लावून बसली होती. आत अजून कोणी आहे का, हे ती ऐकत होती.

फार सुंदर होतं ते. हे मी आधी सांगितलं पाहिजे. आणि त्याच वेळी माझं सगळं पाणी गेलं.

ग्रुपमध्ये नेपाने लिहिलं, “सॉरी यार बुऱ्हाणपूर. चिमण्या निकल्या.”

“धुराडी म्हण,” पुण्याने लिहिलं, आणि मग लगेच, “जाऊ दे. चिमण्या ठीक आहे.”

पप्पा माझा चेहरा बघून हात पुसत आले. “काय झालं?”

मी मोठ्याने, समोर बघून सांगितलं, “कुंड्या नव्हत्या त्या, पप्पा. चिमण्या निघाल्या.”

“कुठून?”

“कुठून म्हणजे? त्या कुंड्या. चिमण्या निघाल्या.”

पप्पांचा चेहरा उजळला. “कुंडीतून चिमण्या निघाल्या? मग तर चांगलं झालं. दाखव.”

मला समजावून सांगायला बराच वेळ लागला. चिमणी म्हणजे ती चिवचिवणारी नव्हे, धुराची. पप्पांनी मोबाईलवर ते गाव बघितलं, ती कौलं, ती खिडकी. मान हलवली. “अच्छा,” म्हणाले. पण ते जरा हिरमुसले होते. सायकलकडे परत जाताना म्हणाले, “पहिलं जास्त चांगलं होतं.”

पुढचे दिवस विचित्र होते. ग्रुपमध्ये खूप नवे लोक आले. नवा गेम आला की असं होतं. रस्त्याच्या कडेची टपरी असते आणि अचानक समोर जत्रा भरते. त्यांना जुन्या गोष्टी सापडायच्या आणि ते विचारायचे, कुंडी म्हणजे काय, पाणी कुठून आलं. माझ्या गोष्टीखाली कोणीतरी लिहिलं, ‘या विहिरी नाहीत. लिहिणारीने गेम खेळलेला दिसत नाही.’ ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. अमरावतीच्या मुलीने आपल्या गोष्टीतला बोगदा काढून तिथे धुराडं घातलं. काहींनी गोष्टीच काढून टाकल्या. जुने लोक कमी बोलायला लागले, आणि नवे इतकं भराभर बोलायचे की मला वाचून होत नसे.

“माझा भाऊ तर गेला बाई,” रावेरताईंनी मला वेगळं लिहिलं. “त्याला बहीण आहे म्हणतात आता. मूळ गोष्टीत.”

“मग काय करणार?”

“काय करू? पुढे लिहिते आहे. माझी मुलगी विचारते ना, भाऊ भेटला का म्हणून. तिला काय सांगू, गेमवाल्याने नाही म्हटलं?”

मी तेवढी धीट नव्हते. मी गोष्ट काढून टाकायचं ठरवलं. काढण्याआधी एकदा पूर्ण वाचली आणि मला ती वाईट वाटली नाही, पण ती कोणाबद्दल आहे हे आता मला सांगता येत नव्हतं. खाली पाणी नसेल तर ती बाई काय ऐकते आहे? आणि ती ऐकत नसेल तर मी पप्पांना काय सांगणार होते?

पप्पांना मी काही सांगितलं नव्हतं. पण पुढच्या शुक्रवारी त्यांनी स्वतःच सायकल काढली. “चल,” म्हणाले.

“कुठे?”

“तुझ्या चिमण्यांकडे.”

आता मी दांड्यावर मावत नाही. मी माझ्या सायकलवर, ते त्यांच्या. ऊन कोवळं होतं आणि शेतांतून ओल्या मातीचा आणि केळीच्या पानांचा वास येत होता. कुंड्यांची रांग लांबून दिसली, तशीच, डोंगराकडे गेलेली. क्षणभर मला वाटलं की वारा सुटेल आणि माती उडून खालून कौलं दिसतील. इतके दिवस मी गेममध्ये बुऱ्हाणपूर बघत होते, आणि त्या दिवशी बुऱ्हाणपूरमध्ये गेम दिसत होता. दोन्ही एकमेकांवर अंथरल्यासारखे, वरचं कुठलं आणि खालचं कुठलं ते कळू नये असे.

एका कुंडीपाशी आम्ही उतरलो. मी काठावर वाकले, कान लावला. आवाज होता. तोच, लहानपणीचा, आणि मला आजही त्याला शब्द नव्हता.

“येऊन राहिला का?”

“हो.”

पप्पांनी या वेळी कसा म्हणून विचारलं नाही. तेही शेजारी वाकले आणि आत बघत राहिले, जणू बघून कळेल. आणि आमच्या सावल्या आत पडल्यामुळे असेल, खालून फडफड झाली आणि पाखरं वर आली, एकामागून एक. पप्पा मागे झाले, हसले. एक पाखरू काठावर जरा टेकलं आणि उडालं. दगडावर दोन ओले ठसे राहिले. बारीक, काटकुळ्या पायांचे. उन्हाने ते बघता बघता वाळले.

“बघ,” पप्पा म्हणाले. “निघाल्या.”

“पारवे आहेत ते, पप्पा.”

“चिमण्या म्हण ना. तुला काय जातं?”

परत येताना ते पुढे होते आणि मी मागे. मी त्यांच्या पाठीकडे बघत सायकल मारत होते आणि ते दोन ठसे माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हते. त्यांनी ते बघितले होते. ऐकावं न लागता.

दुपारी, गोष्ट काढून टाकायचं सोडून, मी शेवटचा भाग लिहिला. गेमने सांगितलेलं मी काही खोडलं नाही. राख उडते, खाली गाव निघतं, ती तोंडं धुराड्यांची आहेत हे सगळ्यांना कळतं. गावातले लोक त्या बाईला सांगतात, बाई, हे तुझ्या घराचं धुराडं आहे, आत कोणी नाही, ऊठ. ती बोट वर करते. आणि मग आतून चिमण्या निघतात. एक, मग दुसरी, मग पुष्कळ. त्या काठावर टेकतात, आणि त्या जिथे टेकतात तिथे राखेवर त्यांच्या पायांचे ओले ठसे उमटतात. आवाजाबद्दल मी एक शब्दही लिहिला नाही. ती बाई कान काढते आणि ते ठसे बघत बसते.

ग्रुपमध्ये टाकला तेव्हा नव्या लोकांपैकी एकाने विचारलं, धुराड्यातून ओली चिमणी कशी येईल. त्याला पुण्याने उत्तर दिलं: “खाली पाणी आहे. जुने लोक आहोत आम्ही, आम्हाला माहीत आहे.” मग मला वेगळं लिहिलं, “‘काटकुळ्या’ बरोबर लिहिलंस. बाकी अकरा चुका आहेत, उद्या सांगतो.” रावेरताईंनी फक्त एवढंच लिहिलं, “राहिलं बाई तुझं पील.” नेपाने एक पाखराचं चित्र टाकलं. ते कावळ्याचं होतं.

पप्पांनी तो भाग ओट्यावर बसून वाचला. अक्षरं मोठी केली होती, त्यामुळे पुष्कळ वेळा सरकवावं लागत होतं. ओठ हलत होते. एका ठिकाणी बोट थांबलं आणि ते परत वर गेले, परत तेच वाचलं. भिंतीपलीकडे कोणीतरी उद्यासाठी एक लूम चालवून बघत होतं, एकटंच, आणि त्याचा ठोका ओट्याच्या फरशीतून आमच्यापर्यंत येत होता.

“म्हणजे होतं पाणी,” ते म्हणाले.

“हो.”

“मग ती उठली का?”

“नाही. अजून बसली आहे.”

त्यांनी मोबाईल परत दिला. “बसू दे,” म्हणाले.